गॅरेजला फुटाचा भाव नसतो, ताई

सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"घराच्या डाव्या हाताला कंपाउंडपर्यंत सोळा फूट जागा मोकळी आहे. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन येतो, ती उन्हापावसात उभी असते. तिथे विटांचं पक्कं गॅरेज बांधायचं आहे. आतून १० बाय १८ फूट. दोन कंत्राटदारांना विचारलं. पहिल्यानं डायरीचं पान फाडून '१५०० रु. फूट, १८० फूट, २ लाख ७० हजार' असं लिहून दिलं. कंपाउंडची भिंत आयती आहे, तीच एका बाजूला धरू म्हणाला. दुसऱ्यानं सव्वापाच लाख सांगितले. आमचे हे म्हणतात, दुसरा लुटतोय. मला वाटतं, पहिला काहीतरी लपवतोय. पुढेमागे वर एक खोली चढवायचा विचार आहे. खरा खर्च किती, आणि तो काढायचा कसा? जमीन काळी आहे."

ताई, दोघांपैकी कुणी लुटत नाही, कुणी लपवतही नाही. दोघांनी दोन वेगळ्या गॅरेजचे भाव दिलेत आणि तुम्ही ते एकाच गॅरेजचे समजून शेजारी शेजारी ठेवलेत.

पहिल्याच्या डोक्यात तीनच भिंती आहेत, वर बहुतेक पत्रा आहे, आणि शटर-रंग-लाइट 'ते तुमचं तुम्ही बघा'. दुसऱ्यानं तुमचं 'वर खोली' हे वाक्य ऐकलं आणि खाली कॉलम, फुटिंग (कॉलमाखालचा पाया), बीम धरून मोकळा झाला. तेव्हा खर्च काढण्याआधी खोलीचं नक्की करा. 'पुढेमागे' हा शब्द बांधकामात फार महाग पडतो. खोली चढवायचीच असेल तर पाया आजच त्या वजनाचा हवा आणि डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच हवं. चढवायची नसेल, तर त्या कॉलमांच्या सळईवर लाखभर रुपये पुरून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगा पुण्यात स्थिरावलाय असं पत्रावरून दिसतं. मी तुमच्या जागी असतो तर खोलीचा विचार सोडला असता. खालचा हिशेब तसाच धरून केलाय: नऊ इंची भिंती, वर पाच इंची स्लॅब, आणि त्यावर काही नाही.

आता फुटाचा भाव. हजार फुटांचं घर बांधताना फुटावर बोलणं एक वेळ चालतं, गॅरेजला चालत नाही. तीस बाय तीसचं घर घ्या: ९०० फूट क्षेत्र, बाहेरच्या भिंतींची लांबी १२० फूट. तुमचं गॅरेज १८० फुटांचं, पण भिंतीची लांबी ५९ फूट. क्षेत्र पाचपट कमी, भिंत मात्र जेमतेम निम्मी. आणि पाया, विटा, गिलावा, रंग सगळे भिंतीच्या मागे चालतात. म्हणून हिशेब भिंतीवरून करायचा, जमिनीवरून नाही.

हे ५९ फूट आले कुठून? भिंतीच्या मधोमध रेषा मारा. आतली रुंदी १० फूट, दोन्हीकडच्या अर्ध्या अर्ध्या भिंती मिळून नऊ इंच, म्हणजे पावणेअकरा. तसंच लांबीला पावणेएकोणीस. दोन्हींची बेरीज साडेएकोणतीस, दुप्पट ५९. हा एक आकडा वहीच्या वर मोठ्यानं लिहून ठेवा, बाकी सगळं त्याच्याच गुणाकारात येतं.

काळी माती म्हणताय, तेव्हा खोदाई तीन फूट रुंद, चार फूट खोल धरू. ५९ गुणिले ३ गुणिले ४, झाले ७०८ घनफूट, म्हणजे सात ब्रास. खड्ड्यात मुरूम लागेपर्यंत जायचं. चार फुटांवर लागला तर नशीब, सहावर गेला तर पायाचा खर्च दीडपट. म्हणून कुठल्याही अंदाजाच्या आधी एका कोपऱ्यात बिगाऱ्याकडून एक खड्डा काढून बघा. दिवसाची एक मजुरी जाईल, पण अख्ख्या हिशेबातला सगळ्यात मोठा 'जर' निघून जाईल. खड्ड्याच्या तळाला सहा इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट (८८ घनफूट), त्यावर डबराचं, म्हणजे ओबडधोबड दगडाचं बांधकाम: खाली दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, वर दीड फूट रुंद आणि अडीच फूट उंच, त्यातला एक फूट जमिनीच्या वर म्हणजे जोतं. डबर बांधकाम साडेचार ब्रासच्या थोडं वर जातं.

कंपाउंडची भिंत धरू नका. माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. तेव्हा मी नुकता ओव्हरसिअर झालो होतो, आणि जावयानं सासऱ्याला सांगायचं कसं म्हणून गप्प बसलो. स्लॅबची एक बाजू कंपाउंडवर, दुसरी घराच्या भिंतीत खोबण मारून. कंपाउंडचा पाया दोन फूट, घराचा पाच फूट, आणि दोन्ही काळ्या मातीत. उन्हाळ्यात ती माती आकसते, पावसात फुगते, आणि कमी खोलीचा पाया तिच्याबरोबर खालीवर होतो. मे महिन्यात स्लॅब आणि घराच्या मधल्या भेगेत पाच रुपयांचं नाणं उभं राहायचं. श्रावणात तीच भेग मिटायची आणि सासरे म्हणायचे, "बघ, भरून आली." पाचव्या वर्षी स्लॅब उतरवावा लागला. त्याचा खर्च कुठल्याच अंदाजात नव्हता.

तुमच्याकडे सोळा फूट आहेत. गॅरेज बाहेरून साडेअकरा फूट होतं. उरलेल्या साडेचारमधले दोन फूट कंपाउंडकडे सोडा, अडीच घराकडे. कंपाउंडकडे दोन फूट कशाला, तर गवंड्याला मागच्या अंगाला गिलावा करायला उभं राहता आलं पाहिजे. नाहीतर ती बाजू कोरी राहते आणि दर पावसाळ्यात आतून ओल धरते. घराकडचे अडीच फूट पायासाठी: घराचा पायाही भिंतीबाहेर फूटभर आलेला असतो, त्याला खेटून चार फुटांची चर खणली की घराच्या पायाखालची माती सुटते. त्या बाजूची चर एका दमात न खणता तुकड्यातुकड्यानं खणून लगेच भरून घ्यायला सांगा. स्लॅब घराच्या भिंतीला कुठेही चिकटवायचा नाही.

या सोळा फुटांतलं बरंचसं बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा असणार. तिथं पक्कं बांधकाम चालेल की नाही हे २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीवरून ठरतं, कंत्राटदाराच्या 'सगळे करतात' वरून नाही. घराचा मंजूर नकाशा घेऊन नोंदणीकृत आर्किटेक्टकडे जा आणि परवानगीची फी व नकाशाचा खर्च वहीत पहिल्या ओळीला लिहा. हे आधी, खड्डासुद्धा नंतर.

विटांकडे येऊ. नऊ फूट उंच भिंत: ५९ गुणिले पाऊण गुणिले ९, झाले ३९८ घनफूट. शटरची मोकळी जागा साडेआठ बाय आठ, तिचे ५१ वजा. दोन छोट्या खिडक्यांचे ११ वजा. लिंटेल पातळीवर, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्यावर, सगळीकडून फिरवायच्या काँक्रीट पट्टीचे २२ वजा. उरले ३१४, म्हणजे तीन ब्रासच्या थोडं वर. किती विटा? इथे कुणी 'ब्रासला इतक्या' असं सांगितलं तर ऐकू नका, भट्टीगणिक विटेचं माप बदलतं. टेप घेऊन पाच विटा स्वतः मोजा. समजा ९, ४, ३ इंच भरल्या. सांध्याचा अर्धा अर्धा इंच प्रत्येक मापात मिळवा: साडेनऊ, साडेचार, साडेतीन. गुणाकार आला १४९.६ घनइंच. एका घनफुटात १७२८ घनइंच, तेव्हा घनफुटाला साडेअकरा विटा. ३१४ ला साधारण ३६२५. तुटफूट पाच टक्के धरून ३८०० मागवा. तुम्ही शिक्षिका होतात, गणित तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं जाईल.

ब्रासचं मात्र सांभाळा, तो शब्द फसवा आहे. वाळू, खडी, डबर यांचा ब्रास १०० घनफुटांचा. गिलाव्याचा आणि रंगाचा ब्रास १०० चौरस फुटांचा. एकाच कागदावर दोन्ही येतात आणि लोक त्यांची बेरीज करून बसतात.

स्लॅब चारी बाजूंनी सहा इंच बाहेर काढला तर साडेबारा बाय साडेवीस, २५६ चौरस फूट, पाच इंच जाडीला १०७ घनफूट काँक्रीट, म्हणजे तीन घनमीटर. दीड भाग वाळू, तीन भाग खडी अशा मिश्रणाला घनमीटरला आठ पोती सिमेंट लागतं, म्हणून २४ पोती. सळई साधारण २४० किलो. जोत्यावरची पट्टी, लिंटेलची पट्टी आणि शटरवरचा बीम मिळून आणखी १६० धरा, एकूण ४००. सळईचं वजन काट्यावर करून घेताच, पण घरी ताळाही घालता येतो: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. १० मिलिमीटरची १२ मीटरची सळई सात किलो चारशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. बरीच हलकी भरली तर परत पाठवा.

गिलावा आतून, छताखालून, बाहेरून मिळून साडेअकरा ब्रास. आत कोब्याखाली काळी माती दीड फूट उचलून डबराचं सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम, वर चार इंच काँक्रीट. टाइल्स नकोत, जॅक लावला की फुटतात आणि टायरच्या पाण्यानं घसरतात.

सगळं मिळून माल असा येतो: सिमेंट ११५ पोती, सळई ४०० किलो, विटा ३८००, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ५ ब्रास, खडी ३, डबर ६, मुरूम ३. हे आकडे कुणाही कंत्राटदाराच्या तोंडावर ठेवा, पाच-सात टक्के इकडेतिकडे होईल, त्याहून जास्त नाही.

भाव मात्र तुमच्या पेठेतले घाला. मी हिशेबापुरते धरतो ते असे: सिमेंट पोतं ३८०, सळई ६२ रुपये किलो, वीट ८ रुपये, क्रश सँड ब्रासला ५०००, खडी ३५००, डबर २५००, मुरूम १५००. माल झाला १ लाख ५४ हजार. मजुरी, सेंट्रिंग-फिटर-गवंडी-गिलावा सगळं उक्तं, स्लॅबच्या फुटावर ३५० धरली तर ९० हजार. हो, मजुरी फुटावर ठरते, त्याला माझी हरकत नाही. फूट मात्र स्लॅबचे मोजायचे की आतले, हे आधी ठरवा. २५६ आणि १८० मध्ये इथेच साडेसव्वीस हजारांचा फरक पडतो. जेसीबी आणि माती वाहून नेणं ८ हजार. ढाचा उभा राहिला अडीच लाखांत.

पहिल्या कंत्राटदाराचं पान इथेच संपतं. पण गाडी अजून आत गेलेली नाही. शटर २४ हजार, खिडक्या आणि जाळ्या ८, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग १५, रंग २०, वायरिंग १२, दारापुढचा उतार १२. हे ९१ हजार झाले. एकूण ३ लाख ४३ हजार. त्यावर आठ टक्के किरकोळ, कारण टँकर लागतो, एक ट्रॉली कमी पडते, गवंड्यांचा चहा असतो: ३ लाख ७० हजार. माल तुम्ही आणलात तर इतकं. मालासह कंत्राट दिलंत आणि त्यानं बारा टक्के स्वतःचे लावले, तर ४ लाख १५ हजारांपर्यंत. त्यात दुसऱ्याचे कॉलम मिळवा, सव्वापाच लाख अगदी वावगे वाटणार नाहीत. यजमानांना तेवढं सांगा.

मजुरीवर द्यावं की मालासह? तुम्ही दोघंही घरी असता, साइट दारात आहे. मजुरीवर द्या. माणसं दिसतात, पोती मोजता येतात, आणि दुपारी भिंतीवर पाणी मारलं की नाही हे खिडकीतून कळतं. मात्र सिमेंट एकदम ११५ पोती आणून ठेवू नका. लागेल तसं तीस-चाळीस, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर रचून. आणि त्या डायरीच्या पानावर तारीख आहे का बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याआधीचा भाव असेल तर तो जुना समजायचा.

साइटवर येणाऱ्या वाळूला टेप लावा, हे मी हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीला 'एक ब्रास' म्हणतो. आतून दहा बाय सहा फुटांची ट्रॉली असेल तर वाळू एक फूट आठ इंच सपाट भरली पाहिजे, तेव्हा १०० घनफूट होतात. बऱ्याच वेळा मध्ये डोंगर असतो आणि कडेला फूटभरच. फावड्यानं सपाट करायला लावा, मग चार कोपऱ्यांत मोजा. पहिल्या ट्रॉलीला तो कुरकुरेल. दुसरी ट्रॉली भरून येईल.

खर्च कमी करायचा असेल तर कात्री स्लॅबला लावा, पायाला नाही. वर काही बांधायचं नाही असं ठरलं तर रंगीत पत्रा आणि पाइपचा सांगाडा घालून ३५-४० हजार सहज वाचतात. स्लॅबचं सिमेंट, सळई, सेंट्रिंग, वॉटरप्रूफिंग सगळंच जातं. गाडीला पत्र्याखाली उकडत नाही. पापड वाळवायला गच्ची हवी असेल तर मात्र ते तुम्ही ठरवा.

मापांत कंजुषी नको. चार मीटरच्या आतली गाडी १३ फूट लांब असते, १८ फुटांत मागे सायकल, घरघंटी, पाण्याची मोटार मावते. रुंदीला गाडी सहा फुटांच्या आसपास, आरसे उघडले की आणखी. १० फुटांत दार उघडून माणूस नीट उतरतो. कुणी आठ फूट पुरे म्हणालं तर त्याला आत गाडी लावून उतरून दाखवायला सांगा. शटर उघडल्यावर गुंडाळी वर फूट-सव्वा फूट जागा खाते, म्हणून आठ फूट उघड आणि त्यावर फूटभर भिंत ठेवली आहे. जोतं एक फूट असेल तर दारापुढे आठ फूट लांबीचा उतार हवा, त्याहून चढा ठेवला की गाडीचं पोट घासतं. फाटकापासून गॅरेजपर्यंत तेवढी जागा उरते का, ते आजच खडूनं आखून, मुलाला गाडी आत आणायला सांगून बघा. वळण बसत नाही हे भिंती उभ्या राहिल्यावर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

सांगली म्हटल्यावर पाण्याचं बोलायलाच हवं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. तुमच्या गल्लीत ते कुठवर आलं होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जोतं त्या रेघेच्या वर न्यायचं म्हटलं तर गॅरेज होणार नाही, माळा होईल. तेव्हा जोतं फूटभरच ठेवा, पण लाइटचा बोर्ड पाच फुटांवर घ्या आणि खालच्या फळीवर किमती काही ठेवू नका. वायरिंग करतानाच १६ अँपिअरचा एक वेगळा पॉइंट मीटरपासून स्वतंत्र वायर आणि अर्थिंग घालून ओढून ठेवा. मुलानं उद्या विजेची गाडी घेतली तर गिलावा फोडावा लागणार नाही.

पैसे टप्प्यानं द्या: जोत्याला, लिंटेलला, स्लॅब भरल्यावर, गिलाव्याला. सुरुवातीची उचल एका आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त नको. स्लॅबचे पैसे देताना पुढच्या चौदा दिवसांचं पाणी कोण मारणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. नाहीतर ते तुमच्या यजमानांच्या वाट्याला येतं.

परवानगी हातात आली की खोदाई दिवाळीनंतर काढा. माती तेव्हा ना भिजलेली ना तडकलेली असते, आणि होळीपर्यंत शटर बसून जाईल.